खाड्याची वही

घर सोडून मोठ्या शहरात गेलेल्या माणसाला घरून पहिला प्रश्न जातो तो जेवणाचा. पगार किती, साहेब कसा, खोली हवेशीर आहे का, हे सगळं मागाहून. आधी, "जेवणाचं काय केलंस?" आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून दर वर्षी कितीतरी पोट्टे-पोट्टी बारावी झाली की नागपूर नाहीतर पुणे गाठतात. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, कुठल्याही गावात रात्री आठच्या सुमारास चक्कर मारा. घराघरांतून फोनवर हाच प्रश्न ऐकू येतो. पलीकडून उत्तर येतं, "हो, जेवलो." ते खरं की आईच्या समाधानापुरतं, हे इकडच्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

माझी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. शाळेच्या पुस्तकात गिरणी निघाल्याचं साल असतं, गिरणी काढणाऱ्या शेठचं नाव असतं. त्या गिरणीत राबणारा माणूस रात्री कुठे झोपला, त्याला कोणी जेवायला वाढलं आणि तो तापाने फणफणला तेव्हा कपाळावर हात कोणी ठेवला, हे पुस्तकात नसतं. मुलं ते विचारतही नाहीत, कारण परीक्षेत येत नाही! पण घरातलं कोणी शहरात एकटं राहू लागलं की हेच प्रश्न आपल्याला छळतात. म्हणून आज जरा या एकट्या माणसाचा इतिहास पाहू.

आमच्या भागातून मुंबईला आधी गेला तो कापूस. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. मुंबईच्या बाजारात या कापसाला 'उमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, त्यावरून पडलेलं हे नाव. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर ही आपली लाडकी शकुंतला धावू लागली, तीही मुख्यतः कापूस वाहण्यासाठीच. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने ती चालवली. आता तिची धाव थांबली आहे, पण तिच्या डब्यांतून किती गाठी गेल्या असतील याचा हिशेब करवत नाही.

कापूस गेला, पण त्याच्यामागे आमचा माणूस मुंबईला फारसा गेला नाही. इथे काळी जमीन होती, वेचणीच्या हंगामात शेतमजुराला काम होतं, गावोगावी जिनिंग-प्रेसिंग होतं. त्यातून कोणी निघालाच तर नागपूर जवळ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली होती. शिवाय १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्य प्रांतात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मुंबई म्हणजे आमच्या आजोबांना जवळजवळ परदेशच! त्या गिरण्यांत आपला कापूस कातला तो रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या माणसांनी. कोकणात जमिनीचे तुकडे, वर खोताचा वाटा, घाटावर पावसाचा भरवसा नाही. भाताचं किंवा बाजरीचं एक पीक चार महिने पुरणार, उरलेल्या आठ महिन्यांचं काय? म्हणून घरातला एक कर्ता पुरुष मुंबईला जायचा आणि बाकीचं घर गावीच राहायचं. एकट्या माणसाचा मराठी इतिहास पाहायचा तर तो या चाकरमान्यांपासूनच पाहावा लागतो.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यातली शंभरातली ऐंशीहून अधिक माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. बायकांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त. हा आकडा मला कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त बोलका वाटतो. अर्धं शहर बायकोला, आईला, लेकरांना गावी ठेवून आलेलं!

ही माणसं राहत कुठे? चाळीतल्या एका खोलीत. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. आपल्याकडच्या वाड्यात एवढी तर नुसती ओसरी असायची. त्या खोलीत संसार असेल तर तो एक, आणि एकटे पुरुष असतील तर दहा-पंधरा. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी पथारी टाकत. भिंतीला खुंटी, खुंटीला पिशवी, खाली पत्र्याची ट्रंक. एका माणसाची मुंबईतली मालमत्ता म्हणजे तेवढीच.

पण या गर्दीला एक रीत होती. अशा खोल्या पुष्कळदा गावाच्या असत. एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यायची, भाडं वाटून भरायचं, गावाहून नवा पोरगा आला की त्याला तिथे जागा द्यायची आणि तिथल्याच कोणीतरी त्याला गिरणीत चिकटवायचं. लालबाग-परळमध्ये अशा गावकीच्या खोल्या होत्या आणि त्यांच्या आधाराने गावोगावची मंडळं, भजनं, नमन, गणपती सगळं उभं राहिलं. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी हीच सोय धोबी तलाव भागात केली. तिला 'कूड' म्हणत. प्रत्येक गावाचं वेगळं कूड, त्यात गावच्या देवळाच्या संताची वेदी, भिंतीला लागून ट्रंका आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायचा नियम. बोटीवर नोकरी करणारे खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरत. सातासमुद्रांपलीकडे जाऊन आलेल्या माणसालाही मुंबईत पाय टेकायला आपल्या गावाच्या नावाची चार हात जागा लागायची.

आता जेवण. 'मुंबईचे डबेवाले' म्हटलं की सगळ्यांना माहीत असतं. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केलं असं सांगतात. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची ही माणसं. पण डबा यायला घरात डबा भरणारं माणूस लागतं. ज्याचं घरच मुंबईत नाही त्याला डबा कुठला? डबे वाहणारे पुष्कळ जण स्वतःही असेच गावी घर ठेवून आलेले, एका खोलीत दाटीने राहणारे. अशा बिनघरच्या माणसांसाठी गिरणगावात खानावळ होती.

खानावळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पाटी लावलेलं दुकान येतं. गिरणगावातली खानावळ म्हणजे बहुधा एका बाईचं घरच. त्याच १६० चौरस फुटांत तिचा संसार, तिथेच चूल किंवा स्टोव्ह, आणि तिथेच वीस-पंचवीस 'मेंबरां'ची जेवणं. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, कारण सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत पहिल्या पंगतीला वाढायचं. दुपारी दुसरी पाळी, रात्री तिसरी. वाण्याकडचं सामान उधारीवर आणायचं, मेंबराने पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. नवरा वारलेली, टाकून दिलेली, किंवा नवऱ्याची नोकरी गेलेली अशी बाई याच कामावर पोरं वाढवायची. शहराचा एवढा मोठा कारभार पोसला तो या बायकांनी, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कुठेच नाही.

खानावळीत आणि गिरणीत एक शब्द सारखाच होता, 'खाडा'. कामावर गेलं नाही की खाडा, जेवायला आलं नाही की खाडा. आजच्या मेसमध्येही हा शब्द टिकून आहे. गिरणीतल्या खाड्याने पगार कापला जायचा. खानावळीतल्या खाड्याचं तसं नव्हतं. बाईने पंचवीस माणसांचं पीठ मळलेलं, एक माणूस कमी आला तर तिच्या लगेच लक्षात यायचं, कारण भाकरी उरायची. आणि मेंबर नाहीसा झाला तर महिन्याची उधारी बुडायची. तेव्हा विचारणं तिला भागच होतं. "अरे, तो तुमच्या खोलीतला काल का नाही आला?" पंगतीतला कोणीतरी सांगायचा, "ताप आहे त्याला." मग पेज जायची. हे सगळं मायेपोटी व्हायचं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी माया असेल, काही ठिकाणी निव्वळ हिशेब असेल. पण व्यवहाराची बांधणीच अशी होती की एक माणूस दिसेनासा झाला तर कुठेतरी खटकायचं. वही असो की नुसती ध्यानात ठेवलेली आकडेमोड, त्याचा खाडा कोणीतरी मांडत होतं.

या बायकांचं खरं रूप संपाच्या वेळी दिसलं. १९७३-७४ च्या गिरणी संपात कामगारांचा पगार थांबला, तरी खानावळवाल्या बायकांनी त्यांना उधारीवर जेवू घातलं. वाण्याचं देणं वाढलं, अंगावरचं किडूकमिडूक गहाण गेलं. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सुरुवात झाली १४ खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यापासून. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, आता बँकेने सावकाराच्या दारातल्या बाईला आत घ्यावं असा हा आग्रह होता. कर्ज वेळेवर फिटलं आणि पुढे हजारो बायका या मंडळात आल्या. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. इतकी वर्षं लोकांच्या भुकेचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या हिशेबाकडे निदान कोणीतरी पाहिलं.

शहरात एक माणूस एकटा राहिला की गावी दुसरं कोणीतरी एकटं राहतं. ही गोष्ट आपण पटकन विसरतो. चाकरमान्याची बायको गावी सासू-सासरे, गुरं, वावर, पोरं सगळं ओढायची. नवरा दिसणार गणपतीत, शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. मधल्या काळात दोघांना जोडणारी एकच वस्तू होती, मनीऑर्डर. टपाल खात्याने ती १८८० मध्ये सुरू केली. पैशाबरोबर त्या फॉर्मवर चार ओळी लिहायची जागा असायची. पोस्टमन आला की त्यानेच त्या वाचून दाखवायच्या, बाईने अंगठा द्यायचा, पैसे मोजून घ्यायचे. नवरा-बायकोचं सगळं बोलणं पोस्टमनच्या तोंडून! महिना उलटूनही मनीऑर्डर आली नाही की घरात कालवाकालव. तो गावाकडचा खाडाच म्हणायचा. २०१५ मध्ये ही जुनी मनीऑर्डर टपाल खात्याने बंद केली.

या ताटातुटीची कहाणी ज्यांनी सगळ्यांत जिवंतपणे गायली ते अण्णाभाऊ साठे स्वतः लहानपणी वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेले. गावी राहिलेल्या मैनेची त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. लोकांनी ती चळवळीचं गाणं म्हणून ऐकली आणि आपल्या घरचं गाणं म्हणूनही. सभेत बसलेल्या कित्येकांची मैना खरोखरच गावी होती.

आजारपण आलं की हा एकटा माणूस एकच करायचा, गाव गाठायचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडल्या, मालक नाक्यानाक्यावर मजुरांसाठी जास्त मजुरी बोलू लागले. शहराने कामाला बोलावलं होतं, मरायला नव्हे, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. गावाकडचं मोडकं घर आणि अर्धा एकर जमीन ते का सोडत नसत, याचं उत्तर इथे आहे. म्हातारपणाचा आणि आजारपणाचा विमा होता तो. तिथे पोचण्याची वाटही सोपी नव्हती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात कितीतरी चाकरमानी होते, घरी निघालेले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, जुना काळ किती चांगला होता! तसं मुळीच नाही. गावकीची खोली गावातल्या सगळ्यांची नसायची. जी जात गावात वेशीबाहेर, ती मुंबईतही त्या खोलीबाहेर. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. पंगतीचंही तेच.

याचं सगळ्यांत बोचरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले. एवढा शिकलेला माणूस, संस्थानची नोकरी, पण शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लावून जागा मिळवली, रोजचा दीड रुपया देऊन. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ते दिवस सांगितले आहेत. वरच्या मजल्यावर मोठं दालन, अडगळीचं सामान, रात्री एक लहानसा कंदील आणि बोलायला एकही माणूस नाही. कचेरीतून त्या जागी परतणं त्यांना नको वाटे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं आली आणि त्यांनी त्याच दिवशी जागा सोडायला लावली. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, मिळाला नाही. एका बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची गाडी धरली. शहरात एकटं असणं म्हणजे काय, हे मराठी माणसाने याहून कठोर शब्दांत सांगितलेलं मी तरी वाचलेलं नाही.

पुढे १९२१-२२ मध्ये ते लंडनला १०, किंग हेन्रीज रोड इथे राहत होते. तिथलं जेवण इतकं तुटपुंजं, की रात्री अभ्यास करताना भूक लागली की पापड भाजून खाऊन ते वेळ मारून नेत, असं त्यांच्या चरित्रांत आलेलं आहे. त्याच वेळी इकडे परळच्या बीआयटी चाळीत रमाबाई काटकसरीने घर चालवत होत्या. लंडनच्या त्या घराचं आता स्मारक झालं आहे, महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. ते पाहायला जाणाऱ्याने परळची ती चाळही मनात ठेवावी. एका माणसाचं शिक्षण या दोन खोल्यांनी मिळून पुरं केलं.

विद्यार्थ्यांची गोष्ट निघालीच आहे तर थोडं त्याबद्दल. पूर्वी पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. मिंधेपणा होता, कुठे वाढताना हात आखडायचा, कुठे कामं सांगायचे. पण वाराचा मुलगा आला नाही तर त्या घरात निदान कळायचं. बाकीच्या समाजातल्या मुलांना तर ही सोयही नव्हती. म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढण्याचा सपाटा लावला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग एकेका समाजासाठी वेगळी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय उभं केलं, तेही सगळ्या जातींसाठी. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युत आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती सुरू केली. खेड्यातल्या गरीब मुलांनी काम करून शिकायचं आणि आपलं वसतिगृह आपणच चालवायचं ही तिची पद्धत. शाळा-कॉलेज काढणाऱ्यांचे पुतळे आपण जास्त उभारतो. पण खेड्यातला मुलगा शहरात टिकला तो जेवणाच्या घंटेमुळे आणि रात्रीच्या हजेरीमुळे, असं मला वाटतं.

मुलींसाठी हा रस्ता आणखी अवघड होता. एकट्या बाईला शहरात खोली म्हणजे लोकांच्या तोंडाला कुलूप लावण्याचं काम! पुण्यात महर्षी कर्व्यांची हिंगण्याची संस्था आणि १९०९ पासूनचं रमाबाई रानड्यांचं सेवासदन यांनी विधवा, परित्यक्ता, शिकू पाहणाऱ्या मुली यांना छप्पर दिलं. तिथून शिक्षिका, नर्स होऊन बाहेर पडलेल्या बाया पुढे गावोगावी एकट्या राहून नोकऱ्या करू शकल्या. आज आमच्या तालुक्याच्या गावातून मुलगी बिनधास्त पुण्याला जाते, त्यामागे शंभर वर्षांपूर्वीच्या या दोन-चार इमारती आहेत.

गिरणगावाची गोष्ट कशी संपली ते आपल्याला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कामगार विरत गेले, काही गावी परतले, गिरण्या एकामागून एक मिटल्या. मेंबर गेले तशा खानावळीही मिटल्या. नागपुरात एम्प्रेस मिलही पुढे बंद पडली. भोंगे थांबले त्या जागी आता मॉल आणि उंच इमारती आहेत.

आणि आता आमचा जिल्हा निघाला आहे. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर कास्तकाराचं घर चालत नाही, हे शेतकरी आत्महत्यांनी यवतमाळचं नाव देशभर झालं तेव्हा जगाला कळलं. आम्हाला ते आधीच कळलं होतं. त्यामुळे ज्यांचे आजोबा मुंबईला गेले नाहीत त्यांचे नातू पुण्याला गेले आहेत. सोयी पाहिल्या तर त्यांचं बरं चाललं आहे. कॉट बेसिसवर जागा मिळते, मेसचा डबा मिळतो, मोबाईलवर बोट ठेवलं की जेवण दारात. पैसे क्षणात येतात-जातात, आईचा चेहरा रोज पडद्यावर दिसतो. चाकरमान्याला हे स्वप्नातही दिसलं नसतं.

मग आपल्याला काळजी कसली वाटते? मला वाटतं, खाडा मांडणारं कोणी उरलेलं नाही याची. जेवण मागवलं नाही तर मागवण्याच्या यंत्रणेला काही खटकत नाही. डबा दारात तसाच राहिला तर डबेवाला दुसरा ठेवून जातो. शेजारच्या कॉटवरचा मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या पाळीतला, महिन्याभराने जागा बदलणारा. पूर्वी पंधरा माणसांच्या घामाच्या वासात झोपावं लागे आणि मनासारखं एक क्षणही मिळत नसे, हे खरंच आहे. आजच्या मुलांना स्वतःची खोली हवी, त्यात काही गैर नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मेस आणि हॉटेलं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा मात्र या मोकळेपणाची दुसरी बाजू पुष्कळांना दिसली. मजूर पायी निघाले ते साऱ्या देशाने पाहिलं. बंद खोलीत बिस्किटांवर राहिलेली शिकती मुलं कोणाला दिसली नाहीत. ज्यांच्या शेजाऱ्यांनी दार वाजवलं त्यांचं निभावलं.

म्हणून हे वाचणाऱ्या आपल्या मंडळींना, आणि विशेष करून पुण्या-नागपुरात स्थिरावलेल्या नातेवाइकांना, एक सुचवावंसं वाटतं. मुलाला जागा पाहून देताना पाणी, वीज, भाडं बघाच. त्याबरोबर हेही बघा, की तो दोन दिवस दिसला नाही तर दार कोण वाजवेल? नाव सांगता आलं पाहिजे. मेसवाल्या मावशींशी एकदा बोलून ठेवा, खोलीतल्या दुसऱ्या मुलाचा नंबर घेऊन ठेवा. आणि ज्यांचं शहरात स्वतःचं घर आहे त्यांनी गावाकडच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आठवड्यातला एक वार जेवायला बोलवावं. तो नात्यातला, जातीतला असावा अशी अट नको, मिंधेपणा तर मुळीच नको. एक ताट जास्त घ्यायचं इतकंच. तो आला नाही तर फोन करायचा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीही. इकडे गावात मोठ्या घरात दोनच माणसं, कधी एकच माणूस उरलं आहे. "जेवलास का?" हा प्रश्न तिकडून इकडे फारसा येत नाही. दूधवाला, पेपरवाला पोरगा, शेजारची सून यांच्याकडे आमचा खाडा असतो. त्यांचे नंबर तुमच्या मोबाईलमध्ये आहेत का, ते आज रात्री जेवण झाल्यावर पाहून घ्या.